पूर्वीचा फोटो

कंडक्टरबाईंच्या जमिनीवर एकच ठपका होता. ती गेली एकोणीस वर्षं काहीही करत नव्हती. नोटिशीत तसं स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं: ‘सदर चार एकर शेतजमीन प्रत्यक्ष पाहणीत कोणतेही काम न करता पडून असल्याचे आढळले. सबब ती निकामी वाहनांच्या तळासाठी का घेण्यात येऊ नये, याचा खुलासा तीस दिवसांत करावा.’ चिकटवणाऱ्याने नोटीस दारावर उलटी चिकटवली होती. ती वाचण्यासाठी बाईंनी मान वाकडी केली आणि वाचून झाल्यावरही ती बराच वेळ तशीच राहिली.

“निकामी वाहनं म्हणजे काय हो, वन्सं?” वहिनींनी विचारलं. वहिनी म्हणजे बाईंच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून दोघी एकाच घरात राहत होत्या आणि दिवसातून चार वेळा भांडल्याशिवाय दोघींना अन्न गोड लागत नव्हतं.

“बसगाड्या,” बाई म्हणाल्या. “एकतीस वर्षं ज्यांच्यात धक्के खाल्ले, त्याच. आता माझ्या मागोमाग रिटायर होऊन माझ्याच शेतात राहायला येणार.”

शेत म्हणायची आपली सवय. वडील होते तोवर तिथे नांगर फिरत होता. ते गेले, मग भाऊ गेला आणि नांगर धरायला कुणी उरलं नाही. बाईंनी जमीन कुणाला कसायला दिली नाही, विकली नाही, तिच्यात एक रोपसुद्धा लावलं नाही. त्यांनी फक्त कुणाला हात लावू दिला नाही. पहिल्या वर्षी तण आलं, तिसऱ्या वर्षी काटेरी झुडपं आली. पुढे पुढे, पूर्वी या भागात होती म्हणून म्हातारी माणसं सांगत, ती सगळी झाडं कुणी न बोलावता परत आली. त्यांच्या मागोमाग पाखरं आली. निवृत्तीच्या दिवशी डेपोने भेट काय हवी म्हणून विचारलं, तेव्हा बाईंनी मोडीत निघालेल्या बसमधलं दोघांचं बाकडं मागून घेतलं होतं. ते त्यांनी झाडीच्या मधोमध नेऊन ठेवलं. दर रविवारी दोघी नणंद-भावजया त्यावर जाऊन बसत. जन्मभर लोकांना पुढे सरका म्हणून ओरडलेल्या बाईंना तिथे कुणाला काही सांगावं लागत नसे. त्या जागेवर त्यांचा जीव होता.

नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. ‘मूळ वनस्पती पुनर्स्थापन व कार्बन साठवण योजने’त नोंद झालेल्या जमिनींना यातून सूट होती. जुन्या शेतजमिनीवर मूळची झाडी परत आणायची आणि हवेतला कार्बन तिच्यात साठवून ठेवायचा, अशी ती योजना. बाईंना वाटलं, काम तर झालेलंच आहे, नुसता शिक्का मारून आणायचाय.

योजनेच्या कचेरीत भिंतीभर जंगलाची चित्रं होती आणि खिडक्यांना जाड पडदे होते. साहेब वयाने बेताचे, बोलायला मऊ होते. बाईंनी आणलेले झाडीचे फोटो त्यांनी एकेक करून पाहिले आणि प्रत्येक फोटोगणिक त्यांचा चेहरा उतरत गेला.

“झाडी उत्तम आहे,” ते म्हणाले. “तीच अडचण आहे.”

“म्हणजे?”

“बाई, योजना पुनर्स्थापनेची आहे. तुमच्याकडे सगळं आधीच स्थापन झालंय. मग आम्ही करायचं काय?”

“काही करू नका. मीही काही केलेलं नाही.”

“तेच तर. ही झाडी आपोआप आलीय. आपोआप आलेल्या झाडीत साठतो तो आपोआप साठलेला कार्बन. तो आमच्याकडे धरत नाहीत.”

“मग कुठला धरतात?”

“योजनेमुळे साठलेला. त्यासाठी जमीन आधी ओसाड असावी लागते.” साहेबांनी नमुना क्रमांक सात पुढे सरकवला. त्यावर शेजारी शेजारी दोन चौकोन होते. एकावर ‘पूर्वी’ लिहिलं होतं, दुसऱ्यावर ‘नंतर’. “तुमच्याकडे नंतरचे फोटो ढीगभर आहेत. पूर्वीचा एकही नाही. अर्धा अर्ज कसा घेऊ?”

बाईंनी घरी येऊन जुनी ट्रंक उपसली. रिकाम्या जमिनीचा फोटो काढून ठेवावा असं त्यांच्या घरात कधी कुणाला सुचलं नव्हतं. शेवटी वडिलांचा शेतातला एकुलता एक फोटो सापडला. तो घेऊन त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा कचेरीत हजर झाल्या.

साहेबांनी तो भिंगाखाली धरला. “यात पीक उभं आहे.”

“शेत होतं ते. पीक असणारच.”

“पीक हिरवं असतं, बाई.”

“फोटो काळा-पांढरा आहे.”

“तरी पीक हिरवंच धरतात. शिवाय मध्ये हे गृहस्थ आलेत.”

“ते माझे वडील.”

“असतील. पण मानवी हस्तक्षेप दिसतो.” साहेबांनी फोटो दोन्ही हातांनी, अदबीने परत केला. माणूस वाईट नव्हता. त्याला बाईंची खरोखरच कणव आली आणि त्याने आवाज खाली आणला. “बाकीचे अर्जदार करतात ते तुम्हीही करा. झाडी काढून टाका, फोटो काढा आणि मग तीच झाडं परत लावा. काढायचं यंत्र आम्हीच पाठवतो. योजनेत त्याची तरतूद आहे, ‘हरितपूर्व सपाटीकरण’ या शीर्षाखाली.”

“आणि नाही काढली तर?”

“तर ती योजनेत बसत नाही. योजनेत बसत नाही म्हणजे जमीन पडीक. पडीक म्हणजे वाहनतळवाले येऊन झाडी काढणार. आणि त्यांना कार्बनमधलं काही कळत नाही, त्यामुळे झाडं फुकट जाणार. आमच्याकडे निदान कागदावर तरी राहतात.”

घरी येऊन बाईंनी हे सगळं वहिनींना सांगितलं. वहिनी शेंगा सोलत होत्या. त्यांनी हातातली शेंग सोलून टाकली.

“त्यांना फोटोच हवाय ना?” त्या म्हणाल्या. “ओसाड जागेचा? मग त्यात काय एवढं. ओसाड जागा पायलीला पन्नास मिळतात.”

मिळत नव्हत्या. दोन दिवस दोघी गावभर हिंडल्या. जिथे जावं तिथे काही ना काही उगवलेलं. फुटपाथच्या फटीत गवत होतं, गटाराच्या कडेला वेल होता, पडलेल्या कारखान्याच्या धुराड्यात तर चक्क एक झाड उभं होतं. काहीही न उगवलेली जागा शोधता शोधता दोघींच्या नाकी नऊ आले. तिसऱ्या दिवशी बाई मुदतवाढ मागायला कचेरीत जाऊन बसल्या. वहिनी हात धुवायला नळ कुठे आहे ते बघायला गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर भलतंच तेज होतं.

कचेरीच्या मागे एक परसू होतं. तिथे पूर्वी मोठी झाडं होती. योजना सुरू झाली तेव्हा योजनेच्या गाड्या उभ्या करायला जागा हवी म्हणून ती तोडली होती. जमिनीवर रोलर फिरवला होता आणि पुन्हा काही उगवू नये म्हणून दर महिन्याला औषध मारलं जात होतं. तिथे गवताची काडी नव्हती. त्या वेळी गाड्या सगळ्या पाहणीवर गेल्या होत्या. वहिनी उकिडव्या बसल्या, भिंत येणार नाही असा फोन धरला आणि फोटो काढला.

“वा,” साहेब म्हणाले आणि खुर्चीतून अर्धे उठले. “इतकी निखळ ओसाडी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. कुठे होता हा फोटो?”

“वहिनींकडे होता,” बाई म्हणाल्या. यात खोटं काही नव्हतं. साहेबांच्या पाठीमागचा पडदा पंख्याच्या वाऱ्याने जरासा हलला आणि फटीतून बाईंना तीच ओसाडी दिसली. वहिनींकडे बघणं त्यांनी कटाक्षाने टाळलं.

टेबलाच्या कोपऱ्यावर बसलेल्या कारकुनाने मात्र शंका काढली. “साहेब, पूर्वीचा फोटो आजच्या तारखेचा आहे. नंतरचे गेल्या रविवारचे आहेत.”

साहेबांनी नमुना वरपासून खालपर्यंत वाचला. “तारखेचा रकाना नाही,” ते म्हणाले. “त्यामुळे हरकत घेता येत नाही. उलट हा आपला सर्वांत जलद प्रकल्प ठरतो.”

शिक्का पडला. आठवड्याभरात वाहनतळाची नोटीस मागे घेतल्याचं पत्र आलं आणि तेही दारावर उलटंच चिकटवलं गेलं. रविवारी दोघी बाकड्यावर बसल्या. एक पाखरू बाईंच्या पिशवीवर येऊन बसलं, तेव्हा वहिनींनी त्याचं तिकीट काढलंय का म्हणून विचारलं. बाई खूप हसल्या. इतकं मोकळं वाटून त्यांना कित्येक दिवस झाले होते.

हल्लीचे फोन फोटोबरोबर जागाही टिपून ठेवतात, हे दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. कचेरीतल्या कॉम्प्युटरला मात्र ते ठाऊक होतं. त्याने फोटोतली जागा घेतली, तिच्याभोवती चार एकरांची हद्द आखली आणि प्रकल्प तिथे नोंदवून टाकला. महिनाभराने मोजणीदार प्रत्यक्ष पडताळणीला निघाला. हातातलं यंत्र सांगेल तसा तो चालत गेला. यंत्राने त्याला कचेरीच्या दारातून बाहेर काढलं, इमारतीला वळसा घालायला लावला आणि परसात उभं करून आपण प्रकल्पस्थळी पोहोचला आहात असं सांगितलं. मोजणीदार इमानी माणूस होता. त्याने अहवालात लिहिलं: ‘प्रकल्पस्थळी वनस्पती आढळली नाही. चार वाहने आढळली. प्रकल्पाच्या हद्दीत कचेरीची इमारत, उपाहारगृह, माननीय साहेबांचे दालन व समोरचा अर्धा रस्ता येतो.’

साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. विनातिकीट सापडलेल्या माणसाने आधी कबूल व्हावं, असं बाईंचं जन्मभराचं मत होतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “नोंद रद्द करा आणि एकदा माझ्याबरोबर चला. झाडी जागच्या जागी आहे. डोळ्यांनी बघा.”

“रद्द कशी करू?” साहेब म्हणाले. “तुमच्या झुडपांचा कार्बन वाटून झालाय.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. जी माणसं विमानाने जातात, गाडीने हिंडतात, त्यांना आपला धूर कुठेतरी साठवला गेल्याचं प्रमाणपत्र मिळतं. बाईंच्या जमिनीतल्या प्रत्येक झुडपाला एक क्रमांक पडला होता आणि प्रत्येक क्रमांकासमोर एका माणसाचं नाव होतं. अशी नावं तीस हजार होती.

“नोंद रद्द केली, तर या तीस हजार लोकांचे प्रवास उलटे प्रदूषित ठरतील. लोक जाऊन आलेत हो, बाई. आता त्यांना परत कसं आणायचं?”

बाईंनी थोडा विचार केला. “म्हणजे तिकिटं फाडून झालीत आणि गाडी दुसऱ्याच रस्त्याला उभी आहे.”

“अगदी बरोबर बोललात. तेव्हा आता गाडी इकडे आणायची.”

चौथ्या दिवशी आदेश निघाला. ‘प्रशासकीय कारणास्तव सदर वनस्पतींची बदली करण्यात येत असून त्यांनी सात दिवसांचे आत नोंदणीकृत जागी रुजू व्हावे. या कामी कार्योत्तर मंजुरी गृहीत धरण्यात येत आहे.’ एक प्रत बाईंना, एक वाहनचालकांना आणि एक माहितीसाठी वनस्पतींना होती. ती मोजणीदाराने एका खोडाला बांधून पोच म्हणून फोटो काढला.

बाई भांडायचं तेवढं भांडल्या. “एकतीस वर्षं गाडी भरलीय मी,” त्यांनी साहेबांना सुनावलं. “किती माणसं मावतात ते मला सांगू नका. त्या परसात एवढी झाडी उभीसुद्धा राहणार नाही.” साहेबांनी शांतपणे हद्दीचा नकाशा दाखवला. परसू भरलं की इमारत होती, इमारत भरली की रस्ता होता. मग बाई झाडीत जाऊन बाकड्यावर बसून राहिल्या. त्यावर कचेरीने लेखी कळवलं, की मूळ वनस्पतींच्या क्षेत्रात बसचं बाकडं हे परकं आणि अनधिकृत आहे. यंत्रं आली तेव्हा वहिनींनी बाईंना हाताला धरून बाजूला आणलं.

काढायला तीन दिवस लागले. यायला एकोणीस वर्षं लागली होती. बाई कुंपणापाशी उभ्या राहून रडल्या आणि त्यांनी डोळे पुसले नाहीत. वहिनी त्या तीन दिवसांत एकदाही भांडल्या नाहीत, हे त्यांच्या बाबतीत पूर्वी कधी घडलं नव्हतं.

झुडपं कचेरीत रुजू झाली. परसू पहिल्याच दिवशी भरलं. मग ती जिन्याच्या पायऱ्यांवर आली, रेकॉर्ड रूममध्ये दोन कपाटांच्या मध्ये उभी राहिली, उपाहारगृहात टेबलांखाली बसली. साहेबांच्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना काटेरी जात आल्यामुळे त्यांना सही करायला फक्त मनगट हलवता येई. एका झुडपाबरोबर पाखराचं घरटं आलं होतं. ते आवक कारकुनाच्या ट्रेमध्ये पडलं आणि नियमाप्रमाणे त्यावर आवक क्रमांक टाकण्यात आला. दोन दिवस एक पाखरू त्या ट्रेभोवती ओरडत फिरलं, मग आलं नाही. पाचव्या दिवशी ‘नंतर’चा नवा फोटो काढला गेला. त्यात साहेब पानांच्या आडून हसताना दिसतात.

पाच आठवड्यांत सगळं वाळून कोळ झालं. मोजणीदार पुन्हा यंत्र घेऊन आला, पायऱ्यांवरचा पाचोळा तुडवत वर गेला आणि हे कुठे लिहू म्हणून त्याने विचारलं. साहेबांनी नमुना क्रमांक सात पुन्हा काढला. त्यावर ‘पूर्वी’ होतं आणि ‘नंतर’ होतं. त्यानंतरचा चौकोनच नव्हता. प्रकल्प यशस्वी म्हणून फाइल बंद झाली.

त्याच आठवड्यात साहेब स्वतः बाईंच्या जमिनीवर आले. आयुष्यात पहिल्यांदाच आले. चारी बाजूंना नजर फिरवून त्यांनी समाधानाचा श्वास सोडला.

“अभिनंदन, बाई. आता तुमची जमीन पूर्णपणे पात्र आहे. आता कसा, पूर्वीचा फोटो जागेवरच काढू.”

फोटो काढला. जमीन आता खरोखर योजनेत आहे आणि निकामी गाड्या दुसऱ्या कुणाच्या तरी दारात गेल्या आहेत. योजनेने सरळ रांगेत लावायला रोपं दिली, सगळी एका जातीची. सोबत मार्गदर्शक सूचनांचं पुस्तक दिलं. त्यातली पहिली सूचना अशी आहे, की जमिनीत आपोआप उगवलेलं सर्व काही दर महिन्याला उपटून टाकावं, अन्यथा योजनेचा कार्बन कोणता आणि आपोआपचा कोणता हे ओळखता येणार नाही. बाकडं पुन्हा जागेवर आणून बसलेल्या बाईंनी ती सूचना मोठ्याने वाचली, तेव्हा वहिनींच्या चपलेपाशी जमिनीतून बोटभर हिरवं काहीतरी वर आलं होतं. वहिनींनी त्यावर पदर पसरून ठेवला.

“एकोणीस वर्षं,” बाई म्हणाल्या. “म्हणजे मी पंच्याऐंशीची होईन.”

“मी तर असेनच,” वहिनी म्हणाल्या. “तुमचं तुम्ही बघा.”

राहिल्या कचेरीतल्या वाळलेल्या काड्या. त्यांचं काय करावं हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. बाईंनी त्या मागितल्या तेव्हा साहेबांनी आनंदाने ट्रक भरून पाठवल्या. प्रत्येक काडीला बदलीच्या वेळी बांधलेला बिल्ला होता आणि बिल्ल्यावर क्रमांकाबरोबर नावही होतं. बाईंनी दोन महिने खपून त्या नावांप्रमाणे लावल्या. वहिनी म्हणाल्या, चुलीत घालू, वर्षभराचं सरपण होईल. बाईंनी साफ नाही म्हटलं. ज्याने तिकीट काढलंय त्याची वस्तू त्याला मिळाली पाहिजे, असा त्यांचा हिशेब आहे.

गेल्या वेळी तुम्ही प्रवासाचं तिकीट काढलंत, तेव्हा अगदी शेवटी एक छोटा चौकोन होता. आपला धूर कुठेतरी झाडांत साठवला जावा म्हणून तुम्ही त्यात खूण केलीत आणि तुम्हाला हलकं वाटलं. तुमची काडी बाकड्याखाली, डावीकडच्या गठ्ठ्यात आहे. नाव बरोबर लिहिलंय, बाईंनी दोनदा तपासलंय. सवडीने येऊन घेऊन जा. एकच निरोप आहे. तीस हजार माणसं आपापली गाडी काढून आली, तर जो टाळण्यासाठी एवढं केलं तो वाहनतळ तिथे आपोआप होईल. तेव्हा बाईंनी सांगितलंय, येताना चालत या.